चाकांवरच्या घरातले गरम पाणी

प्रवासात मराठी माणूस बऱ्याच गोष्टी चालवून घेतो. पोळीऐवजी ब्रेड चालतो, वरणाऐवजी मिसो सूप चालते. पण सकाळी आंघोळीला कढत पाणी नसेल तर त्याचा दिवसच सुरू होत नाही. त्यासाठी आपल्याकडे आधी चूल आणि हंडा होता, मग तांब्याचा बंब आला, पुढे गिझर आला. साधन बदलले तरी प्रश्न तेच तीन राहिले: उष्णता आणायची कुठून, साठवायची कुठे आणि धूर सोडायचा कुठे? कॅम्पिंग ट्रेलरमध्ये हे तिन्ही प्रश्न हातभर जागेत सोडवावे लागतात. त्यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच आपण विसरतो.

गोल्डन वीक किंवा ओबोनच्या सुट्टीत कॅम्पिंग कार भाड्याने घेणारी मराठी कुटुंबे जपानात आता दिसू लागली आहेत. कोणी जुना ट्रेलर विकतही घेतात. एकूण वजन ७५० किलोपर्यंत असेल तर तो ओढायला वेगळा परवाना लागत नाही. जपानी बनावटीच्या अनेक गाड्यांत गरम पाण्याची सोय नसते, कारण वाटेत ओनसेन मिळेल हे इथे गृहीतच धरलेले असते. पण परक्या लोकांसमोर विवस्त्र होऊन सामुदायिक स्नान करायला आपल्यापैकी अनेकांची, विशेषतः भारतातून आलेल्या आईवडिलांची, तयारी नसते. मग शोध सुरू होतो तो वीज आणि प्रोपेन या दोन्हींवर चालणारा हीटर बसवलेल्या, बहुधा अमेरिकन बनावटीच्या, ट्रेलरचा.

टाकी कशासाठी?

आपल्या मॅन्शनच्या बाल्कनीत किंवा दाराबाहेरच्या कपाटात जो गॅसचा हीटर असतो, त्यावर १६, २० किंवा २४ असा आकडा आणि पुढे ‘गो’ हे अक्षर असते. २४ गो म्हणजे मिनिटाला २४ लिटर पाण्याचे तापमान २५ अंशांनी वाढवण्याची ताकद. हिशेब केला तर ही सुमारे ४२ किलोवॅट होते. इतकी आग पेटवता येते म्हणून त्या हीटरला टाकी लागत नाही. नळ उघडताच पाणी तापते.

जपानातल्या भिंतीवरच्या साध्या प्लगमधून मात्र १०० व्होल्टला १५ अँपिअर, म्हणजे जास्तीत जास्त १,५०० वॅट मिळतात. बाल्कनीतल्या हीटरच्या ताकदीचा हा अठ्ठाविसावा हिस्सा. एवढ्या विजेवर वाहते पाणी तापवणे शक्य नाही. म्हणून पाणी आधी साठवायचे, सावकाश तापवायचे आणि गरज पडेल तेव्हा वापरायचे. ट्रेलरमधल्या टाकीचे तत्त्व आपल्या बंबाचेच आहे.

अमेरिकन ट्रेलरमध्ये सर्रास आढळणारी टाकी ६ गॅलनची, म्हणजे साधारण २२.७ लिटरची असते. एवढे पाणी १० अंशांपासून ६० अंशांपर्यंत नेण्यासाठी सुमारे १.३ युनिट उष्णता लागते. ६० अंशांच्या या पाण्यात १० अंशांचे थंड पाणी मिसळून ४० अंशांवर आणले की सुमारे ३८ लिटर पाणी तयार होते. शॉवरखाली उभे राहिलात तर ते सहा-सात मिनिटांत संपेल. बादली आणि तांब्या घेतलात तर चौघांना प्रत्येकी साडेनऊ लिटर मिळेल. ट्रेलरच्या न्हाणीघरात आपली जुनी सवय अशी उपयोगी पडते. एक प्लास्टिकची बादली बरोबर घ्याच.

विजेची बाजू

टाकीत विजेची कॉइल असते, गिझरमध्ये असते तशीच. अमेरिकन हीटरवर बहुधा १२० व्होल्ट आणि १,४४० वॅट असे लिहिलेले असते. जपानात आपण तिला १०० व्होल्ट देतो. कॉइलचा रोध तोच राहतो, साधारण १० ओहम, म्हणून ती १० अँपिअर घेते आणि १,००० वॅटच देते. व्होल्टेज सहाव्या हिश्श्याने कमी झाले, पण उष्णता जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटली, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. परिणामी जी टाकी तिकडे ५५ मिनिटांत तापते तिला इथे एक तास वीस मिनिटे लागतात. युरोपातून आणलेल्या ट्रेलरची २३० व्होल्टची कॉइल ट्रान्सफॉर्मरविना १०० व्होल्टवर लावली तर तिची ताकद पाचव्या हिश्श्याहूनही कमी होते. हीटर बिघडला आहे असे वाटते, पण बिघडलेले काहीच नसते.

दुसरी गोष्ट ब्रेकरची. अनेक कॅम्पच्या जागी एका गाडीला १,००० ते १,५०० वॅट एवढीच वीज देतात. हीटर चालू असताना भाताचा कुकर किंवा मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडणारच. त्यामुळे क्रम ठरवावा: आधी पाणी तापवायचे, मग हीटर बंद करून भात लावायचा.

तिसरी गोष्ट कॉइलच्या जिवाची. टाकी रिकामी असताना विजेचे बटण दाबले तर कॉइल क्षणार्धात जळते. म्हणून टाकी भरल्यावर गरम पाण्याची तोटी उघडावी. आधी फुसफुस करत हवा येईल. ती थांबून पाण्याची सलग धार लागली की मगच बटण दाबावे.

प्रोपेनची बाजू

त्याच टाकीखाली किंवा मागे गॅसचा बर्नर असतो. तो साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता देतो. त्यातली पाऊण पाण्यात जाते असे धरले तर टाकी अर्ध्या तासात तापते आणि सव्वाशे ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो. म्हणजे ५ किलोच्या सिलिंडरमध्ये टाकी सुमारे चाळीस वेळा तापेल. वीज आणि गॅस एकाच वेळी लावले तर, इथल्या १०० व्होल्टवरसुद्धा, २०-२२ मिनिटे पुरतात. सकाळी पाठोपाठ आंघोळी उरकायच्या असतील तर दोन्ही लावावेत. रात्रभर प्लग लावून मुक्काम असेल तर वीज पुरेशी आहे. जिथे प्लगच नाही तिथे गॅसला पर्याय नाही.

प्रोपेनच का? द्रवरूप प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होऊ शकतो. ब्यूटेनचा वायू होणे शून्याच्या किंचित खाली, उणे अर्ध्या अंशालाच थांबते. सुपरमार्केटमध्ये मिळणाऱ्या छोट्या कॅसेट डब्यांत मुख्यतः ब्यूटेन असतो, म्हणून नागानो किंवा होक्काइदोच्या थंडीत ती शेगडी मलूल होते. प्रोपेनच्या सिलिंडरची अडचण निराळी आहे. गाडीतले सिलिंडर भरून देणारा दुकानदार जपानात सहजासहजी सापडत नाही. त्यामुळे भाड्याने घेताना भरलेले सिलिंडर मिळणार का, हे आधीच विचारावे.

दोन इंधने असण्याचा फायदा आणीबाणीत कळतो. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर वीज साधारण आठवड्याभरात परत आली, पण नळाने येणारा गॅस पूर्ववत व्हायला जवळजवळ तीन महिने लागले. अशा वेळी सिलिंडरवर आणि विजेवरही चालणारी टाकी मोठा आधार ठरते.

धूर जातो कुठे?

बंबाचा धूर दिसायचा, डोळ्यांना झोंबायचा. मग घरातले कोणीतरी आपोआप दार उघडायचे. गॅसच्या ज्वलनातून निघणारा धूर दिसत नाही आणि झोंबतही नाही. बंद खोलीत हवा अपुरी पडू लागली की त्यात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. हवेत त्याचे प्रमाण ०.१६ टक्के झाले तर वीस मिनिटांत डोके दुखू लागते आणि दोन तासांत जीव जाऊ शकतो. न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गिझरमुळे माणसे दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. जपानही याला अपवाद नाही. १९८५ ते २००५ या काळात एकाच कंपनीच्या हीटरमुळे २१ जणांचा मृत्यू झाल्याचे २००६ साली उघडकीस आले. या हीटरमध्ये धूर बाहेर ढकलणारा पंखा होता. पंखा बंद पडला तर आगही विझावी, अशी सुरक्षेची व्यवस्था होती. दुरुस्तीच्या वेळी तारा बदलून तीच निकामी केली गेली होती.

यावरचा भक्कम उपाय जपानी अभियंत्यांनी १९६० च्या दशकातच दांची इमारतींसाठी काढला होता. जुन्या दांचीत राहिलेल्यांना टबाशेजारचा, मूठ फिरवून पेटवायचा हीटर आठवेल. त्याला ‘बॅलन्स गामा’ म्हणतात. त्याची पेटी खोलीच्या बाजूने पूर्ण बंद असते. तो हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच सोडतो, तोही भिंतीतल्या एकाच भोकातून. खोलीतल्या हवेशी आगीचा संबंधच येत नाही.

ट्रेलरचा हीटर याच तत्त्वावर चालतो. गाडीच्या बाहेरच्या अंगाला जाळीचे एक छोटे दार दिसते, तेच त्याचे नाक आणि तेच धुराडे. म्हणून त्या जाळीला तंबू, ताडपत्री किंवा वाळत घातलेला टॉवेल लागू देऊ नये. बर्फ पडला असेल तर आधी जाळी मोकळी करावी. तिच्या वरची खिडकी हीटर चालू असताना बंद ठेवावी. जाळीभोवती काजळी दिसली किंवा ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली, तर तो हीटर वापरू नये.

पण हीटर निर्दोष असला तरी आत पेटवलेली कॅसेट शेगडी तशी नसते. तिचा सगळा धूर आपल्याच श्वासात येतो. ऊब मिळावी म्हणून ती पेटती ठेवून झोपणे म्हणजे जिवाशी खेळ. आत स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवावी आणि काम झाले की शेगडी बंद करावी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॅटरीवर चालतो, बाजारात सहज मिळतो. गाडीत तो नसेल तर स्वतःचा न्यावा आणि झोपण्याच्या जागेजवळ ठेवावा. गॅसगळतीचा अलार्म वेगळा असतो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असल्याने तळाशी साचतो, म्हणून तो अलार्म जमिनीलगत लागतो. एक अलार्म दुसऱ्याचे काम करत नाही.

निघताना आणि परतताना

गाडी हलवण्यापूर्वी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा. होक्काइदोला फेरीबोटीने जाणार असाल तर गाडीत सिलिंडर असल्याचे आधी कळवावे. टाकीचा सुरक्षा व्हॉल्व्ह थोडा ठिबकला तर घाबरू नये, तापलेले पाणी प्रसरण पावते. मात्र तो बंद करण्यासाठी बूच मारणे हा भयंकर प्रकार आहे. सहल संपली की हीटर बंद करून, पाणी निवल्यावर टाकी रिकामी करावी. साचलेले कोमट पाणी जंतूंचे आवडते घर असते, आणि थंडीत गोठलेले पाणी टाकी फोडते.

गाडीची चावी हातात घेण्यापूर्वी एजंटला पाच गोष्टी विचाराव्यात. हीटर किती व्होल्टचा आहे? टाकी भरलेली आहे का? सिलिंडर भरलेले आहे का? धुराची जाळी कुठे आहे? आणि अलार्म कुठे आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील तर फार तर गार पाण्याने आंघोळ करावी लागेल. शेवटच्या दोन प्रश्नांना मात्र समाधानकारक उत्तर मिळाल्याखेरीज त्या गाडीत गॅस पेटवू नये.