फॉर्म एकाच जणाकडे बंद पडतोय? माणसाला बोलण्याआधी खुर्ची बदलून पाहा



समजा, नागपूर-भंडारा रोडवर मौद्यात तुमचा धान खरेदीचा व्यवसाय आहे. नोव्हेंबर संपत आलाय, धान निघालंय, बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली आहे. ऑफिसात तीन कॉम्प्युटर आहेत आणि तिन्हींवर एमएस अ‍ॅक्सेसमध्ये बनवलेला 'आवक' फॉर्म चालतो. शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, भाव टाकला की पावती निघते. दोन मशीनवर सगळं व्यवस्थित. तिसऱ्यावर बसणाऱ्या ताईनं 'सेव्ह' दाबलं, की अख्खं अ‍ॅक्सेसच बंद!

ती म्हणते, "भाऊ, मी काहीच नाही केलं जी. बटन दाबलं का बंदच होऊन जाते."

तुम्ही म्हणता, "मग बाकीच्यांचं कसं चालते?"

ताई नवीन आहे, सीझनपुरती कामाला आहे. दोन दिवस असंच चाललं तर तुम्ही तिला "उद्यापासून येऊ नको" म्हणाल. पण दोष मशीनचा असेल तर? तिच्या जागी येणाऱ्याच्या हातूनही फॉर्म तसाच बंद पडणार. तुमचं चांगलं माणूस जाईल आणि अडचण तिथंच राहील.

म्हणून "कोण चुकलं?" असं न विचारता "इथं वेगळं काय आहे?" असं विचारा.

आधी आजचं काम वाचवा

त्या मशीनवरची एंट्री थांबवा आणि तिथल्या पावत्या हातानं, पावती बुकात लिहा. फॉर्म बंद पडला तेव्हा नोंद सेव्ह झाली होती की नाही, हे प्रत्येक वेळी टेबल उघडून बघा. न बघता ताईनं पुन्हा एंट्री केली असेल, तर एकाच ट्रॉलीचे पैसे दोनदा निघतील. सगळ्यांना फॉर्म बंद करायला सांगून डेटा फाइलची एक कॉपी वेगळ्या ठिकाणी ठेवा.

मग खुर्च्या बदला

ताईला दुसऱ्या मशीनवर बसवा आणि तुम्ही तिच्या मशीनवर बसा. दोघांनी सारखीच एंट्री करा. पाच मिनिटांचं काम आहे, पण यातूनच दिशा कळते.

ताई जिथं बसेल तिथं तिच्या लॉगिननं फॉर्म बंद पडला, तर लॉगिन आणि परवानग्या तपासा. डेटा असलेल्या फोल्डरमध्ये अ‍ॅक्सेस एक छोटी लॉक फाइल तयार करतं आणि काम संपलं की काढून टाकतं. म्हणून त्या फोल्डरमध्ये प्रत्येकाला फाइल बनवायची, बदलायची आणि काढायची परवानगी लागते.

ठरावीक शेतकऱ्याचीच नोंद उघडली की सगळीकडे बंद पडतं, तर ती नोंद खराब झालेली असू शकते. कॉपी घेतल्यावर, सगळे बाहेर असताना 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवा.

आणि ताईच्या मशीनवर तुमच्याही हातून बंद पडलं, तर दोष मशीनकडे आहे. आधी ताईला तसं स्पष्ट सांगा. मग पुढं चला.

मशीनमध्ये काय तपासायचं?

एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं दुरुस्त झालं ते कळणार नाही.

1. फॉर्मची फाइल: सगळे जण नेटवर्कवरची एकच फाइल उघडतात का? तसं नको. डेटाची फाइल एका ठिकाणी ठेवा आणि फॉर्मची फाइल प्रत्येक मशीनवर वेगळी. ताईच्या मशीनवर चालू फाइलची ताजी कॉपी टाकून बघा.

2. प्रिंटर: डीफॉल्ट प्रिंटर बदलून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' करा. प्रिंटरचा ड्रायव्हर बिघडला तरी अ‍ॅक्सेस बंद पडू शकतं.

3. नेटवर्क: तेवढंच मशीन वायफायवर आहे का? केबल लावा. मध्येच कनेक्शन तुटलं तर अ‍ॅक्सेसची फाइल खराब होऊ शकते.

4. ऑफिस 32-बिट की 64-बिट: अ‍ॅक्सेसमध्ये फाइल, अकाउंट, अबाउट अ‍ॅक्सेस इथं हे दिसतं. तिन्ही मशीनचं लिहून काढा.

पुष्कळदा घोडं चौथ्या मुद्द्यावर अडतं. जुन्या दोन मशीनवर 32-बिट आहे आणि दिवाळीत घेतलेल्या नव्या लॅपटॉपवर 64-बिट. ऑफिस 2019 पासून मुद्दाम बदललं नाही तर 64-बिटच इन्स्टॉल होतं. फॉर्ममागचा कोड जुना असेल आणि तो विंडोजची फंक्शन्स वापरत असेल, तर त्यात बदल करावे लागतात. काही जण 'डिक्लेअर' ओळीत नुसतं 'पीटीआरसेफ' जोडतात, पण जिथं 'लाँग'चं 'लाँगपीटीआर' करायला हवं तिथं करत नाहीत. एरर जाते, 32-बिटवर फॉर्म छान चालतो आणि 64-बिटवर कुठलाही मेसेज न देता अ‍ॅक्सेस बंद पडू शकतं. ताईच्या मशीनवर नेमकं हेच झालं असू शकतं.

सीझन चालू असताना कोडला हात लावू नका. त्या लॅपटॉपवरचं ऑफिस काढून 32-बिट टाका. 64-बिट विंडोजवर ते चालतं. लायसन्सचा ईमेल-पासवर्ड मात्र आधी हाताशी ठेवा. धानाची गर्दी ओसरली की फॉर्म बनवणाऱ्याला बोलवून कोड नीट करून घ्या.

आजचा गृहपाठ

एका वहीत प्रत्येक मशीनसाठी चार ओळी लिहा: विंडोज, ऑफिसचं व्हर्जन आणि बिट, प्रिंटर, खरेदीची तारीख. नवीन मशीन आणलं की आधी वही उघडायची, मग ऑफिस टाकायचं.

आणि पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "भाऊ, मी काहीच नाही केलं," तर उठून त्याच्या खुर्चीत पाच मिनिटं बसा. कदाचित तो खरंच बोलत असेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!