सरकारी पैसा : आजचा आणि उद्याचा

मंडळी, सोनगीरात अर्थकारणावर बोलायचं, तर तांबटाच्या दुकानापासून सुरुवात करू.

'लाडकी बहीण' योजनेचे महिन्याचे १५०० रुपये जुलै २०२४ पासून सुरू झाले. समजा, एका बहिणीने त्यातून तांब्याचा हंडा घेतला. तिचा खर्च ही तांबटाची कमाई. तांबट किराणा भरतो, किराणावाला पोराची फी भरतो. एकच रुपया अनेक हातांतून फिरतो. अर्थशास्त्रात याला गुणक म्हणतात. केन्सने १९३६ च्या ग्रंथात त्यावर मोठा भर दिला.

पण अट आहे. तांबटाचे हात रिकामे असतील तर उत्पादन वाढतं. तो आधीच कामात बुडालेला असेल, तर हंडा वाढत नाही, भाव वाढतो. शिवाय पत्रा बाहेरून येतो. म्हणजे रुपयाचा काही भाग आग्रा रोडने गावाबाहेर जातो. हा झाला तात्कालिक परिणाम.

आता दूरचा. १९७२ चा दुष्काळ तुमच्यापैकी काहींनी पाहिलाय. खडी फोडणारे हात पाहिलेत. त्या अनुभवातून रोजगार हमीला बळ मिळालं. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. खर्चासाठी व्यवसाय कर आला, म्हणजे शहरातल्या पगारदारानेही भार उचलला. ज्या गावी पाझर तलाव नीट झाला, तिथे मजुरी संपल्यावरही विहिरींना पाणी राहिलं. जिथे गाळ भरला, तिथे फक्त मजुरी उरली.

'फक्त' म्हणालो, तो शब्द मागे घेतो. त्या मजुरीमुळे ज्या घराला बैल विकावा लागला नाही, पोरीची शाळा सोडवावी लागली नाही, त्या घराचं पुढचं आयुष्यच बदललं. तात्पुरतं म्हणजे वाया गेलेलं, हा तर्कदोष आहे.

तसंच कर्ज म्हणजे पाप, हाही तर्कदोषच. विहिरीसाठी काढलेलं कर्ज वेगळं, लग्नाच्या थाटासाठी काढलेलं वेगळं. सरकारनेही कर्ज काढलं की उद्याच्या अर्थसंकल्पातून व्याज भरावंच लागतं. शाळा, कालवे यांना उरलेल्यातून मिळतं. ते व्याज फेडणारा नातू आज मतदान करत नाही. त्याच्या वतीने विचार करणं आपलं काम आहे.

म्हणून अहिराणीत आपण विचारतो, 'पैसा कथा गया?' त्याला एक प्रश्न जोडा : जाताना मागे काय ठेवून गेला?