शब्द गळतात तेव्हा

अर्धांगाच्या झटक्याने वाचा एकाएकी जाते. मेंदूच्या झिजेने ती वर्षानुवर्षे गळत जाते. १८९२ साली प्रागमध्ये आर्नोल्ड पिक यांनी असा रोगी वर्णिला. १९८२ साली मेसुलम यांनी हा विकार वेगळा ओळखला. कुणाची वाक्ये तुटतात, कुणी शब्दाशी अडतो, कुणी ‘पाना म्हणजे काय?’ विचारतो, आणि हातातला पाना बिनचूक चालवतो! कारखान्यात अशाला दारुडा ठरवून चौकशीला उभे करतात. आम्ही विचारतो, जबाब त्याने द्यावा कशाने? आरंभी स्मृती, व्यवहार शाबूत असून भाषाच ढळत असेल, तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावे. ते वस्तूंची नावे विचारतात, वाक्ये म्हणवून घेतात, मेंदूच्या चित्रात डावी बाजू आकसली का पाहतात. झीज थांबविणारे औषध नाही; वाचोपचाराने बोलणे काही काळ सावरते.