जड कोण, हलके कोण?

घरात लहान मूल आहे ना? त्याच्यापुढे एक उशी आणि एक वरवंटा ठेवा. विचारा, "बाळ, यातलं जड काय?" मूल बहुधा उशीकडे बोट दाखवील. मोठे दिसते ते जड, असे त्याला वाटते.

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत शिकवले. पहिलीतली मुले असेच सांगत. आम्ही रागावत नसू. "उचलून बघ," एवढेच म्हणत असू. उशी एका हाताने उचलली जाई. वरवंट्याला दोन हात लागत. मग मूल आपणच हसे. आकार डोळ्यांना दिसतो, वजन दिसत नाही. हा पहिला धडा.

पण हातही फसतो बरे का! एक लहान तांब्या आणि एक मोठा डबा घ्या. दोन्हींत वाळू घालून वजन अगदी सारखे करा. आता उचलून पाहा. तांब्याच जड वाटेल. मुलालाही आणि तुम्हालाही. म्हणून तराजू हवा.

तराजू घरीच होतो. सरळ काठीच्या मध्यावर सुतळी बांधा. दोन्ही टोकांना दोन करवंट्या टांगा. सुतळी धरून काठी उचला. करवंट्या रिकाम्या असताना काठी आडवी राहिली पाहिजे. एक बाजू खाली गेली, तर तराजूत पासंग आहे. मग वर गेलेल्या बाजूला चिंधी बांधून तो काढा.

आता मुलाला कांदा, लिंबू आणि सुपारी द्या. दोन-दोन वस्तू तोलू द्या. कांदा लिंबापेक्षा जड भरला. लिंबू सुपारीपेक्षा जड भरले. मग कांदा आणि सुपारी तोलायला हवीत का? उत्तर तुम्ही सांगू नका. मुलाला विचार करू द्या. नंतर एक खडा द्या. हलक्यापासून जडापर्यंत ओळ लावायची, त्यात खड्याची जागा त्यानेच शोधावी.

यानंतर किलो शिकवा. पूर्वी शेर होता, आणि गावोगावचा शेर निराळा असे. १९५६ साली कायदा झाला आणि पुढे देशभर किलो आला. एक लिटर पाणी म्हणजे जवळजवळ एक किलो. तेवढे पाणी पिशवीत भरून मुलाच्या हाती द्या. किलो किती, हे हाताला कळेल.

हा नुसता खेळ नव्हे. एकदा आम्ही घरची चिंच विकायला गेलो. चिंच पाच किलो भरली. शेजारी आमच्या शाळेतली चौथीची मुलगी उभी होती. ती म्हणाली, "गुरुजी, पारडी बदलून तोला की!" पारडी बदलली. तीच चिंच साडेपाच किलो भरली! खरे वजन दोहोंच्या मधले, म्हणजे सव्वापाच किलो. दर खेपेला पाव किलो चिंच फुकट जात होती. असे चार वेळा तोलले, की एक किलो गेलीच. हा धडा आम्हीच वर्गात दिला होता. बाजारात मात्र आम्ही तो विसरलो, पोर विसरली नाही.

आता पुष्कळ दुकानांत विजेचा काटा असतो. त्याला दोन पारडी नसतात. तेव्हा माल ठेवण्याआधी काट्याचा आकडा पाहा. तिथे शून्य हवे. आकडे तर तुम्हाला आता वाचता येतात. बाजारात जाताना मुलालाही बरोबर न्या आणि तो आकडा त्याला मोठ्याने वाचायला सांगा.