व्हीएमसी जॉबवर्क: पार्ट बरोबर, तरी लॉट परत का आला? आणि रेट कुठे चुकतो?



गेल्या उन्हाळ्यात कुपवाड एमआयडीसीतल्या एका मित्राचा फोन आला. "सर, 200 डेलरिनच्या प्लेट्स दिल्या. प्रत्येक पीस स्वतः वर्नियरने मोजला. 100 मिमीचं माप, शंभर म्हणजे शंभरच येत होतं. कंपनीने अख्खा लॉट परत पाठवला. म्हणे अंडरसाइज आहे. आता काय करू?"

मी विचारलं, "तुझ्या शेडमध्ये टेंपरेचर किती होतं?" तो म्हणाला, "त्याचा काय संबंध?"

सगळा संबंध तिथेच आहे. आजच्या लेखात दोन गोष्टी बघू. पार्ट बरोबर असूनही रिजेक्ट का होतो? आणि पार्ट पास होऊनही महिनाअखेरीला हातात पैसे का उरत नाहीत?

आपला हात बिडावर बसलेला आहे

सातारा-सांगली पट्टा म्हणजे इंजिनिअरिंगचं जुनं घर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर बनवले. सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात नांगर आणि पुढे डिझेल इंजिनं झाली. शेजारी कोल्हापूरची फाउंड्री. त्यामुळे आपल्याकडच्या कारागिराला बीड आणि स्टील चांगलं कळतं. घट्ट आवळा, दाबून कट घ्या, काढा आणि मोजा.

हीच सवय ॲल्युमिनियमला थोडी नडते आणि प्लास्टिकला तर फारच नडते.

टेंपरेचरचा हिशोब

ड्रॉइंगवरचं माप हे 20 अंश सेल्सिअसला धरलेलं असतं. हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आता 100 मिमीचा पार्ट 10 अंशाने तापला तर किती वाढतो, बघा:

- स्टील: साधारण 12 मायक्रॉन
- ॲल्युमिनियम: साधारण 23 मायक्रॉन
- डेलरिन: साधारण 110 मायक्रॉन

म्हणजे डेलरिन स्टीलच्या जवळजवळ नऊपट वाढतं!

माझ्या मित्राच्या शेडमध्ये 36 अंश होते. कंपनीच्या एसी क्वालिटी रूममध्ये 20. फरक 16 अंशांचा. प्लेट 0.176 मिमीने आकसली. मित्राचा वर्नियरही स्टीलचा, तोही गरम होता, म्हणून त्याचे 0.019 वजा करा. तरी 0.157 मिमीचा फरक उरतोच. ड्रॉइंगवर टॉलरन्स होता ±0.05. मित्र खोटं बोलत नव्हता, कंपनीही खोटं बोलत नव्हती. दोघांनी वेगवेगळ्या टेंपरेचरला मोजलं, एवढंच.

उपाय खर्चिक नाही. एक छोटी खोली, तिला एसी, आत सरफेस प्लेट. फिनिशिंगनंतर पीस आणि मोजायचं साधन दोन्ही तिथे काही तास ठेवा, मगच मोजा. आणि काम घ्यायच्या आधी विचारा, "साहेब, तुम्ही किती टेंपरेचरला मोजता?" हा प्रश्न विचारणाऱ्या व्हेंडरकडे क्वालिटीवाला वेगळ्या नजरेने बघतो.

मटेरियलच्या आणखी चार खोड्या

नायलॉन पाणी पितं. पावसाळ्यात हवेतला ओलावा शोषून पार्ट फुगतो. माप टाइट असेल तर ग्राहकाला आधीच सांगा, डेलरिन चालेल का विचारा. डेलरिन पाणी फारच कमी घेतं.

वाइस आवळू नका. पातळ प्लास्टिक वाइसमध्ये दबतं, कट बरोबर बसतो, सोडलं की पूर्ववत होतं आणि माप जातं. सॉफ्ट जॉ किंवा साधं फिक्स्चर करा.

रफिंग केलं की श्वास घेऊ द्या. ब्लॉकच्या आत ताण असतो. एका बाजूने भरपूर मटेरियल काढलं की प्लेट वाकते. दोन्ही बाजूंनी रफिंग करा, थोडं मटेरियल ठेवा, पीस सोडून रात्रभर राहू द्या, मग फिनिशिंग.

टूल वेगळं ठेवा. स्टीलवर घासलेलं एंडमिल ॲल्युमिनियमला लावलं की मटेरियल धारेला चिकटतं, प्लास्टिकला लावलं की कापण्याऐवजी वितळवतं. धारदार, कमी फ्ल्यूटचं टूल आणि चिप्स बाहेर पडायला भरपूर जागा, हे लक्षात ठेवा.

आता पैशांकडे येऊ

बरेच जण रेट कसा देतात? "शेजारचा 500 ला करतो, आपण 450 ला करू." शेजाऱ्याच्या मशीनचं कर्ज फिटलेलं असेल, तुमचं चालू आहे. मग रेट सारखा कसा चालेल?

समजा तुमचा महिन्याचा खर्च असा आहे:

- मशीनचा हप्ता: 45,000
- ऑपरेटर: 22,000
- लाईट बिल: 14,000
- गाळा भाडं: 12,000
- टूल, कूलंट, मेंटेनन्स: 12,000

एकूण 1,05,000 रुपये. महिन्यात 25 दिवस, रोज 8 तास, म्हणजे 200 तास. भागलं की 525 रुपये तास. खूश!

थांबा. लाईट गेली, मटेरियल आलं नाही, ड्रॉइंग बदललं, रीवर्क निघालं, मधे दोन दिवस कामच नव्हतं. बिल लावता येतील असे तास, सेटिंग धरून, समजा 130 च निघाले. आता भागा: 1,05,000 ÷ 130 = साधारण 810 रुपये. हा तुमचा खरा तासाचा खर्च. नफा यात अजून धरलेलाच नाही.

आता एक जॉब घ्या. प्रोग्रॅम आणि सेटिंग 4 तास, एका पीसला 12 मिनिटं.

- 10 पीस: 4 + 2 = 6 तास, 4,860 रुपये. पीसला 486.
- 50 पीस: 4 + 10 = 14 तास, 11,340 रुपये. पीसला 227.
- 500 पीस: 4 + 100 = 104 तास, 84,240 रुपये. पीसला 168.

खेळ इथेच होतो. परचेसवाला म्हणतो, "500 चं काम आहे, रेट नीट द्या." तुम्ही 168 देता. पीओ येतो 50 चा, "ट्रायल लॉट" म्हणून. खर्च 11,340, हातात 8,400. जवळजवळ 2,900 रुपये खिशातून गेले आणि 500 चा पीओ येईलच याची खात्री नाही.

म्हणून कोटेशनमध्ये एकच रेट लिहू नका. तीन क्वांटिटीचे तीन रेट लिहा, किंवा सेटिंग चार्ज वेगळा दाखवा. त्याखाली मटेरियल, ॲनोडायझिंग, पॅकिंग, वाहतूक कोणाकडे, हेही लिहा. ॲनोडायझिंगमुळे माप थोडं बदलतं, म्हणून ड्रॉइंगवरचं माप कोटिंगच्या आधीचं की नंतरचं, हे विचारून घ्या.

पीओ घेण्याआधी पाच गोष्टी लेखी घ्या

1. ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर.
2. कोणती मापं क्रिटिकल आहेत. सगळीच मापं टाइट असतील तर फोन करा, बऱ्याचदा दोन-तीनच असतात.
3. कशाने आणि किती टेंपरेचरला मोजणार.
4. पहिला पीस पास झाल्यावरच पुढचा लॉट.
5. पेमेंटचे दिवस. तुमचा उद्योग सूक्ष्म किंवा लघु असेल, तर 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी मुदत 45 दिवसांच्या पुढे जात नाही. करार नसेल तर 15 दिवस. उद्यम नोंदणी केली नसेल तर आधी ती करा आणि नंबर बिलावर छापा.

माझ्या मित्राचं पुढे काय झालं? तो कंपनीत गेला आणि टेंपरेचरचा हिशोब कागदावर मांडून दाखवला. लॉट वाचला नाही, 200 प्लेट्स पुन्हा कराव्या लागल्या. पण काम त्याच्याकडेच राहिलं, कारण चूक कुठे झाली हे त्याला सांगता आलं.

या आठवड्याचा गृहपाठ: गेल्या तीन महिन्यांची लाईट बिलं आणि मशीनचं लॉगबुक काढा. लॉगबुक नसेल तर उद्यापासून साधी वही ठेवा. तुमचा खरा तासाचा खर्च काढा आणि चालू असलेल्या पाच जॉबच्या रेटशी ताडून बघा. एखाद्या जॉबमध्ये तुम्हीच ग्राहकाला पैसे देत असाल, तर ते आज कळलेलं बरं.

भेटू पुढच्या व्हिडिओत.