मोरे प्लेस: दहा घरे, एकच दर्शनी भिंत

ग्लासगोच्या दक्षिण भागात, स्ट्रॅथबंगो इथे, मोरे प्लेस ही दहा दुमजली दगडी घरांची सलग रांग आहे. वास्तुविशारद अलेक्झांडर थॉमसन यांनी ती रचली; बांधकाम १८५९च्या सुमारास सुरू झाले. पहिल्या क्रमांकाच्या घरात ते स्वतः राहायला आले आणि १८७५ मध्ये तिथेच वारले. ‘ग्रीक’ थॉमसन अशी ओळख असलेल्या या माणसाने ग्रीस कधी पाहिलाही नव्हता!

दोन्ही टोकांची घरे थोडी पुढे आलेली, त्यांच्या माथ्यावर ग्रीक मंदिरासारखे त्रिकोण. मधली आठ घरे मात्र बाहेरून वेगळी काढताच येत नाहीत. वरच्या मजल्यावर चौकोनी दगडी खांबांची ओळ सगळ्यांवरून अखंड धावते आणि खिडक्या त्या खांबांच्या मधल्या जागेत बसतात. एकाचे घर कुठे संपते, शेजाऱ्याचे कुठे सुरू होते, याचा पत्ता ही ओळ लागू देत नाही. प्रत्येक घराची ऐट बाजूला ठेवून सगळ्यांची मिळून एक भव्य इमारत उभी करणे, ही थॉमसन यांची खरी कमाल. धुराड्यांच्या तोंडांनाही त्यांनी कमळाचा इजिप्शियन घाट दिला.

ग्लासगोतली त्या काळची अशी घरे बहुधा फिकट पिवळसर वालुकाश्माची. हा दगड पाणी शोषतो आणि ते चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडते. दुरुस्तीत सिमेंट भरले की ओल दगडातच अडकते, पापुद्रे सुटू लागतात. म्हणून जाणते गवंडी आधी सिमेंट खरवडून काढतात, मगच चुना भरतात.