खाकी गणवेशातील गृहस्थ : एसटीच्या निवृत्त वाहकाचे आयुष्य

एसटीच्या एखाद्या निवृत्त वाहकाचे निधन झाले की स्थानिक वृत्तपत्रातील चार ओळींत त्याचे वय, आगाराचे नाव, मनमिळाऊ स्वभाव आणि मागे राहिलेला परिवार एवढेच नोंदले जाते. तीस-पस्तीस वर्षे त्याने नेमके काय केले आणि त्या कामाने त्याच्या घराला कोणता आकार दिला, हे त्या ओळींत मावत नाही. वस्तुतः या माणसाची नोकरी आणि त्याचा संसार एकाच वेळापत्रकावर चालत होते आणि ते वेळापत्रक आगारातील फळ्यावर लिहिले जात होते.

१ जून १९४८ रोजी तेव्हाच्या अहमदनगरहून पुण्याला राज्य परिवहनाची पहिली गाडी निघाली. किसन राऊत हे तिचे चालक आणि लक्ष्मण केवटे हे वाहक होते. लाकडी बांधणीच्या आणि काथ्याच्या आसनांच्या त्या बेडफोर्ड गाड्यांपासून वाढत गेलेल्या या सेवेत १९७० आणि १९८०च्या दशकांत जे तरुण दाखल झाले, त्यांतील अनेकांच्या घरात दरमहा ठरलेल्या तारखेला पगार आणणारा तोच पहिला माणूस होता. कोरडवाहू शेतीच्या भरवशावर चालणाऱ्या कुटुंबाला त्यामुळे धाकट्या भावाचे शिक्षण, बहिणीचे लग्न आणि किराणा दुकानातील उधारी यांचा हिशेब प्रथमच महिन्याच्या मापाने मांडता आला.

वाहकाचे काम म्हणजे तिकिटे फाडणे, हा समज फार अपुरा आहे. २०१०च्या सुमारास तिकीट देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे सर्वत्र येईपर्यंत वाहकाला कामगिरीवर निघण्यापूर्वी निरनिराळ्या किमतींच्या तिकिटांच्या गड्ड्या ठेवलेली पेटी मिळत असे. प्रत्येक गड्डीचा पहिला क्रमांक तो ‘वे-बिल’ या हिशेबपत्रकावर उतरवून घेई, प्रवाशाला दिलेल्या तिकिटावर पंचने भोक पाडून प्रवासाची खूण करी आणि ठरलेल्या टप्प्यांवर, हेलकावे खाणाऱ्या गाडीत उभे राहून, विकलेल्या तिकिटांचे क्रमांक पुन्हा लिही. ‘टप्पा’ म्हणजे भाडे मोजण्याचे सुमारे ६ किलोमीटरचे एकक. एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन घंट्या म्हणजे चला, एवढ्या अल्प भाषेत चालकाशी त्याचा संवाद चाले. दिवसअखेर रोकड मोजताना तूट आली तर ती खिशातून भरावी लागे, आणि वाटेत तपासणी पथकाला विनातिकीट प्रवासी सापडला तर दंड प्रवाशाला होत असला तरी ‘केस’ वाहकावरही होई. गर्दीने कोंबलेल्या गाडीत, सुट्या पैशांवरून चाललेल्या वादात, रोज एवढा काटेकोर हिशेब सांभाळणे हे कौशल्याचे काम होते आणि समाजाने त्याला कौशल्य म्हणून कधी मोजले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

या नोकरीचा सर्वांत वेगळा भाग म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी तालुक्याहून निघून रस्ता जिथे संपतो त्या गावी रात्रभर थांबणारी आणि पहाटे तिथूनच परतणारी ही गाडी म्हणजे आडवळणाच्या गावासाठी शाळा, दवाखाना, बाजार आणि कचेरी यांकडे जाणारी वाट होती. चालक-वाहक गाडीत किंवा गावातील देवळात, ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपत. रोकडीची पिशवी वाहकाच्या उशाखाली असे. कुणाच्या घरून भाकरी येई, कुणी अंघोळीला पाणी तापवून देई, आणि त्या बदल्यात वाहक तालुक्याहून औषध आणणे, निरोप पोचवणे अशी कामे कुठल्याही नियमात नसताना करत राही. त्याच्या कामाचे खरे मोल याच बिनलिखित व्यवहारात शोधावे लागते.

मात्र परक्या गावात घरच्यासारखा वावरणारा हा माणूस स्वतःच्या घरी पाहुण्यासारखा असे. गणपतीला कोकणात, आषाढीला पंढरपुरात आणि दिवाळीत सर्वत्र जादा गाड्या सोडल्या जात, त्यामुळे ज्या दिवशी इतरांची घरे भरत त्याच दिवशी याचे घर रिकामे असे. मुलांच्या शाळेत नाव घालणे, सासू-सासऱ्यांचे आजारपण, पेरणीचा मजूर, भिशीचा हप्ता हे सारे पत्नी निभावत असे. पहाटेच्या कामगिरीसाठी तिचा दिवस तीनला सुरू होई आणि रात्री उशिराच्या गाडीसाठी तो मध्यरात्री संपे. वडील घरी झोपलेले असताना मुलांनी आवाज न करता खेळण्याची शिस्त एसटीच्या अनेक घरांना परिचित आहे. अशा वडिलांचे प्रेम बोलण्यातून कमी आणि वस्तूंतून अधिक व्यक्त होई : वाटेवरच्या बाजारातून स्वस्तात आणलेली भाजी, एखाद्या गावची प्रसिद्ध मिठाई, मुलीच्या परीक्षेच्या गावी बदलून मागून घेतलेली कामगिरी.

वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त झाल्यावर या माणसाला सपत्नीक मोफत प्रवासाचा पास मिळतो, पण एसटी महामंडळाचा कामगार राज्य सरकारचा कर्मचारी नसल्यामुळे सरकारी निवृत्तिवेतन मिळत नाही. २०२१-२२ मधील एसटी कर्मचाऱ्यांच्या पाच महिन्यांहून अधिक लांबलेल्या संपात महामंडळाच्या राज्य सरकारमधील विलीनीकरणाची मागणी एवढ्या तीव्रतेने पुढे आली, त्यामागे हे एक कारण होते. त्याला लागू होते ती १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, जिच्यात निवृत्तिवेतनासाठी धरलेल्या वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात. २०१४ पूर्वी हे वेतन सर्वसाधारणपणे ६,५०० रुपयांच्या मर्यादेत धरले जाई. त्यामुळे २०१२ मध्ये निवृत्त झालेल्या वाहकाची १९९५ नंतरची १७ वर्षे धरली तर दरमहा सुमारे १,५७९ रुपये होतात आणि त्यापूर्वीच्या सेवेची भर वेगळी पडते. सप्टेंबर २०१४ पासून या योजनेत किमान रक्कम १,००० रुपये ठरली. पतीच्या पश्चात पत्नीला त्याच्या निवृत्तिवेतनाच्या निम्मी रक्कम मिळते, आणि ती निम्मी १,००० रुपयांहून कमी भरत असेल तर १,००० रुपये मिळतात. पहाटे तीनला उठून त्याच नोकरीचा अर्धा भार वाहिलेल्या स्त्रीच्या वाट्याला महिन्याकाठी येणारी रक्कम ही एवढी आहे.